कुलूप बदलू नकोस

गल्लीतल्या सगळ्या घरांची कुलपं ज्याच्या हातची, त्या किल्लीवाल्याच्या स्वतःच्या घराला मात्र कधी कुलूप नसायचं. दार नुसतं ओढून घेतलेलं. कुणी हटकलंच तर तो म्हणायचा, "किल्लीवाल्याच्या घरात चोरायला आहे काय? कुलपंच ना? न्या की. उघडायला परत माझ्याकडेच याल." हा विनोद त्यानं इतक्यांदा केला होता की तो सुरू झाला की त्याची बायको उठून स्वयंपाकघरात जायची.

भाबडा नव्हता हो तो. दुसऱ्यांच्या दारांशी आयुष्यभर उकिडवं बसून कुलपं बसवणाऱ्याला माणसं कळतात. कोण कुणाला घाबरतं, कोण कुणापासून काय लपवतं, सगळं कळतं. तरी त्याचा एक समज पक्का होता. वर देव आहे, त्याचं आपल्याकडे लक्ष आहे, आणि माणूस मुळात बरा आहे. कुलूप असतं ते बऱ्या माणसाला मोह होऊ नये म्हणून. संध्याकाळी दुकान बंद करून आला की नवराबायको खिडकीपाशी बसायची आणि देवाशी चार शब्द बोलायची. मागणं फारसं नसायचं. दिवस बरा गेला, एवढं कळवायचं आणि जेवायला उठायचं.

आणि मग धाकट्यानं ते केलं.

धाकट्या म्हणजे किल्लीवाल्याचा मेव्हणा, बायकोचा पाठचा भाऊ. आईबाप लवकर गेले, बहिणीनं वाढवला. आता चांगला मिशीवाला बाप्या झाला होता, पण नाव धाकट्याच राहिलं. किल्लीवाल्यानं त्याला आपल्या दुकानात घेतला, कानस धरायला शिकवली, कुलपाच्या आतले खटके बोटांनी कसे ओळखायचे ते दाखवलं. हात गोड होता त्याचा. बाकी माणूस चंचल, संगत वाईट, पण हात गोड. त्यामुळे किल्लीवाला त्याचं बरंच काही पोटात घालायचा.

पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर नर्सबाई एकट्या राहायच्या. बाईंनी उभ्या आयुष्यात बाळंतपणं केली. आसपासची अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. किल्लीवाल्याची बायकोही, आणि धाकट्याही. आता गुडघे गेले, खाली उतरणं होत नाही, म्हणून दूधवालीकडे घराची एक जादा किल्ली द्यावी असं बाईंच्या मनात आलं आणि ते काम किल्लीवाल्याकडे आलं.

पहिली किल्ली चुकली. एका दातावर कानस कमी पडली, ती तिसऱ्या खटक्याला अडायची. असं होतं कधीकधी. धंद्यातला नियम साधा आहे: चुकलेली किल्ली तिथल्या तिथे पकडीत धरायची आणि मोडून टाकायची. किल्लीवाल्यानं आधी दुसरी नीट घासली, मग चुकलेली मोडायला हातात घेतली, तेवढ्यात दुकानामागच्या घरातून बायकोची हाक आली की जेवण गार होतंय. त्यानं ती कामाच्या पाटावर ठेवली, हात धुतले आणि जेवायला गेला. परत आल्यावर समोर नवं गिऱ्हाईक उभं होतं. किल्ली डोक्यातून गेली ती गेलीच.

धाकट्याच्या डोक्यातून गेली नाही. त्यानं कानशीचे दोन हात मारले आणि एके दुपारी बाईंच्या घरात शिरला. बाई झोपलेल्या असतील असा त्याचा हिशेब. त्या जाग्या होत्या. त्यांनी त्याला नावानं हाक मारली, तेव्हा ह्या नालायकानं काय करावं? ज्या हातांनी त्याला जगात आणलं तेच धरून बाईंना न्हाणीघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. त्यांच्या बांगड्या घेतल्या, त्यांच्या नवऱ्याचं घड्याळ घेतलं, आणि पसार. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली तोवर म्हातारी ओल्या फरशीवर बसून होती. छातीत सर्दी भरली. दवाखान्यात ठेवावं लागलं.

पोलीस आले, विचारपूस करून गेले. धाकट्याचा पत्ता नव्हता.

एकदा घरी ताटावर बसल्या बसल्या बायको म्हणाली, "मी हाक मारली म्हणून झालं. गार झालं असतं तर झालं असतं."

"तू कशाला," किल्लीवाला म्हणाला, "किल्ली मी विसरलो."

"भाऊ माझा आहे."

"शिकवला मी."

दोघंही दोष आपल्याकडे ओढत होती, आणि ताटं तशीच भरलेली. शेवटी तिनं ताटं उचलली. संध्याकाळी ती खिडकीपाशी जाऊन बसली, तेव्हा तो आला नाही. "तूच बोल," म्हणाला. "माझं काही बोलायचं राहिलेलं नाही त्याच्याशी."

दुसऱ्याच दिवशी त्यानं घराला कुलूप लावलं. एक नाही, तीन. वर एक, मध्ये एक आणि खाली पायाशी एक. बायकोला कचरा टाकायला जायचं तर तीन किल्ल्या फिरवायच्या, परत आल्यावर आतून तीन फिरवायच्या. आठवडाभरात ती वैतागली. "अहो, कचऱ्यापेक्षा किल्ल्याच जास्त वागवते मी," म्हणाली. त्याला हसू आलं नाही. एरवी असल्या बोलण्यावर तो खो खो हसला असता.

आणि गंमत बघा, धंदा कधी नव्हे इतका जोरात. बाईंचं कळल्यापासून सगळ्यांना धडकी भरलेली. जो तो नवं कुलूप मागतोय, भक्कम मागतोय. लोक त्याला दोष देत नव्हते, उलट "तुमच्याच घरात हे व्हावं ना" म्हणून हळहळत होते. किल्लीवाला दिवसभर भोकं पाडायचा, खिळे ठोकायचा आणि मनात म्हणायचा, लावा, सगळे लावा. कुणाचा भरवसा नाही. मेव्हण्यानं केलेल्या पापावर आपली चूल पेटते आहे, हे त्याला कळत होतं, आणि त्यानं त्याचा जीव आणखीच कडू होत होता.

नर्सबाईंना भेटायला बायको रोज डबा घेऊन जायची. त्याचे पाय मात्र वळत नव्हते. शेवटी तिनं त्याला धरूनच नेला.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. जरा वाळल्या होत्या, आवाज बसला होता, पण डोळे तसेच, समोरच्याचं वजन किती घटलं ते सांगणारे. "खात नाहीस वाटतं," त्या म्हणाल्या. मग लगेच, "बरं झालं आलास. एक सांगायचं होतं. माझं कुलूप बदलू नकोस."

किल्लीवाल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बाई, त्याच्याकडे अजून किल्ली आहे."

"म्हणून तर सांगते. कुलूप बदललंस तर तो परत कसा येईल?"

"तो आला तर उरलंसुरलं न्यायला येईल."

"येऊ दे. माझ्याकडे उरलंय काय? भांडी आणि गुडघे." त्यांना खोकला आला. बायकोनं पाणी दिलं. घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पायाकडून आला होता तो. आला तो निळा, रडेचना. ह्यांची आई अर्धमेली, मी एकटी. म्हटलं देवा, आता तू बघ. आणि थापट्या मारत राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग रडला. इतक्या खटपटीनं देवानं दिलेलं पोर मी असं एका दुपारपायी टाकून देऊ?"

बायकोनं तोंड फिरवलं आणि डब्याची झाकणं उगाच लावत बसली. किल्लीवाल्याला ते पाहवेना. बाईंची दया येत होती, पण त्याहून जास्त राग येत होता. कसलं हे वेड. ह्याच असल्या चांगुलपणावर असले चोर पोसले जातात.

"कबूल?" बाईंनी विचारलं.

"बरं," तो म्हणाला.

आजारी म्हातारीशी तो सरळ खोटं बोलला. तिथून निघाला तो दुकानात गेला, दुकानातलं सगळ्यात दणकट, दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप उचललं, दूधवालीकडून किल्ली मागून घेतली आणि बाईंच्या दारात पथारी मांडली. जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं. न्हाणीघराची बाहेरची कडीही उपटून टाकली. फरशीवर बाईंची एक चप्पल अजून तशीच पडली होती. त्यानं ती उचलून जागेवर ठेवली. बाहेर येऊन नवं कुलूप लावून पाहिलं. आता कुणाचा बाप आत येत नाही, असं त्याला वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी थोडं बरं वाटलं.

बाईंना घरी सोडलं त्या दिवशी नवराबायको दोघंही गेली. बाई कठड्याला धरून, थांबत थांबत जिना चढल्या. दारापाशी येऊन त्यांनी कुलपाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. त्यानं दार उघडलं, त्यांना खुर्चीत बसवलं, नव्या किल्ल्या मांडीवर ठेवल्या. बायको चहा ठेवायला आत गेली. आता काय होणार ते तिला ठाऊक होतं.

"जुनं बसव," बाई म्हणाल्या.

"ते दुकानात आहे. भंगारात टाकलं."

"मग दुकानात जा."

"बाई, माझ्या जिवाला घोर आहे हो. उद्या परत काही झालं तर मी कुठल्या तोंडानं..." आणि मग जे इतके दिवस तुंबलं होतं ते एकदम बाहेर आलं. "तुम्ही म्हणता देव आहे. मीही म्हणत होतो. मग तुम्ही आत पडला होता तेव्हा कुठे होता तो?"

"आत," बाई म्हणाल्या.

"आत म्हणजे?"

"न्हाणीघरात. माझ्याबरोबर."

"मग कडी का नाही काढली?"

"ते मीही विचारलं. चांगलं खडसावून विचारलं. उत्तर काही आलं नाही." बाई मांडीवरच्या किल्ल्यांकडे बघत बोलत होत्या. "पण मला भीती वाटायला हवी होती ना, ती वाटेना. कुणीतरी शेजारी बसलंय असं वाटत राहिलं. बादली भरलेली होती, झरोक्यातून उजेड येत होता. तो गेला आणि अंधार झाला, तरी तसंच. थंडी वाजली, रडलेही. मी काय दगड नाही. पण एकटी नव्हते. तू मान, नाहीतर नको मानू."

किल्लीवाल्यानं न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं, कडी उपटलेल्या जागेकडे.

"धाकट्यानं केलं ते वाईटच केलं," त्या म्हणाल्या. "मी त्याला चांगलं म्हणायची नाही. पोलीस काय करायचं ते करोत. पण तेवढं वाईटच खरं, बाकी सगळं खोटं, असं धरून बसले तर मी अजून त्या न्हाणीघरातच आहे म्हणायचं. आणि तू रे, तू तरी कुठे बाहेर आलायस? एका दिवशी तू माझ्या दाराच्या दोन किल्ल्या घासल्यास. एकीनं तो आत आला. दुसरीनं दूधवाली आली. ती आली नसती तर मी आज नसते. तू पहिलीच उराशी धरून बसलायस. दुसरी कुणी घासली मग?"

हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. खरोखर नव्हतं आलं. इतक्या रात्री तळमळत काढल्या, ती चुकलेली किल्ली हजारदा डोळ्यांपुढे आली, पण दुसरी, ती बरोबर लागलेली, तिची त्याला एकदाही आठवण झाली नाही. त्याच दिवशी, त्याच हातांनी, त्याच पाटावर. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसायचंही नाटक केलं नाही.

"संध्याकाळपर्यंत बसवतो जुनं," तो म्हणाला.

"आत्ता."

"बरं बाई, आत्ता." त्यानं पिशवी उचलली.

तेवढ्यात दाराशी खरखर झाली.

कुणीतरी बाहेरून कुलपात किल्ली घालत होतं. ती आत गेली, फिरेना. परत काढली. पलीकडून किल्लीवर फुंकर मारल्याचा आवाज आला, आणि किल्लीवाला होता तिथेच थिजला. किल्ली लागली नाही की आधी जोर करायचा नाही, बाहेर काढून फुंकर मारायची. ही सवय त्यानंच लावलेली, दुसऱ्या कुणाला नाही. पुन्हा खरखर. पुन्हा फिरेना.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. तिलाही कळलं होतं. धावत जाऊन दार उघडावं असं तिच्या सगळ्या अंगातून दिसत होतं, पण ती हलली नाही. नवऱ्याकडे पाहिलंही नाही. त्याचा हक्क होता, त्याचा राग होता, आणि ती आपल्या भावासाठी एक शब्द बोलायची नव्हती. बाईंना उठता येणार नव्हतं. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या.

खरखर थांबली. मग जिन्यावर पावलं वाजली, खाली उतरणारी, जड.

इतके दिवस किल्लीवाल्यानं मनात किती वेळा ठरवलं होतं, समोर आला की तंगडं मोडीन. ते मन अजून तसंच होतं. राग कुठे गेला नव्हता, छातीत निखारा ठेवल्यासारखा होता. पण पावलं खाली चालली होती, आणि तो आता गेला तर कायमचा गेला, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आणि तो जात होता तो आपल्या कुलपामुळे. परत येणाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी आपण दुकानातलं सगळ्यात दणकट कुलूप निवडलं होतं.

"देवा," तो म्हणाला, आणि दाराकडे धावला.

नवं कुलूप आतूनही कडक होतं. दुसऱ्यांची कुलपं चुटकीसरशी उघडणारा माणूस, त्याला आपलंच उघडेना. बोटं घसरली, एक नख मोडलं. मग खटका सुटला.

धाकट्या खालच्या वळणापर्यंत पोचला होता. दाराचा आवाज ऐकून त्यानं वर पाहिलं आणि किल्लीवाल्याला बघून तो भिंतीला चिकटला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. हातात रुमालाचं गाठोडं होतं, पोटाशी धरलेलं. दुसऱ्या हातात ती किल्ली.

"भाऊजी, मी फक्त हे ठेवून जाणार होतो," तो म्हणाला. "बाई दवाखान्यात आहेत असं कळलं होतं. घरात ठेवणार होतो आणि चौकीवर जाणार होतो. खरं सांगतो. पण किल्ली लागली नाही. म्हटलं, बरोबर आहे. आता कशी लागेल."

किल्लीवाला जिना उतरून त्याच्यापाशी गेला. धाकट्यानं मार चुकवायला डोकं खाली घातलं. चुकवायला म्हणजे, घ्यायलाच. किल्लीवाल्याचा हात वर गेला होता हे खरं. तो त्यानं मेव्हण्याच्या मानेवर ठेवला, तिथेच, केसांच्या खाली, आणि मान इतकी गरम लागली की त्याच्या लक्षात आलं, ह्याला ताप आहे.

"कुलूप मी बदललं," तो म्हणाला. "बाईंनी नको सांगितलं होतं. तुला यायला किल्ली असू दे म्हणाल्या होत्या. मीच ऐकलं नाही."

धाकट्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो पायरीवर बसला आणि गाठोड्यात तोंड खुपसून रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा, आणि थांबेचना. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणाचं तरी कण्हणं, मग काठीचा ठोका. बाई उठल्या होत्या. उघड्या दारात, बहिणीच्या खांद्याला धरून, त्या उभ्या राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "रडला का?"

"रडला," किल्लीवाला म्हणाला.

"मग आणा त्याला वर," नर्सबाई म्हणाल्या.